पागेतला चरक

घुंगरं वाजत होती म्हणून मी आत शिरले आणि एक ग्लास रस मागितला, बिनबर्फाचा. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. भर दुपार होती, कॉलेजातून एसटी स्टँडकडे पायी निघाले होते, घशाला कोरड पडली होती, आणि सांगलीत घुंगरं वाजली की तिथे रसवंती असते हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा दिसली ती लांबच लांब दगडी इमारत, दोन्ही बाजूंना कमानी, मधोमध रसाचा चरक आणि त्याच्या चाकाला जवळजवळ लटकलेला साठीचा एक उंच माणूस. खाकी चड्डी, बंडी, कानावर पेन्सिल, हात कोपरापर्यंत काळे. ऊस कुठेच नव्हता.

"रस न्हाई," माझ्याकडे न बघताच तो म्हणाला. "पर थांब जरा. काय निघतंय ते बघून जा."

थांबले. त्याने चाक ओढलं, घुंगरं छनछनली आणि दोन लोखंडी रुळांमधून एक फळी सरकत बाहेर आली. फळीवर जाड लोकरी नमदा होता. त्याने तो उचलला, खालच्या ओलसर कागदाचं टोक दोन बोटांत धरलं आणि केळं सोलावं तसा कागद अलगद सोलून काढला. कागदावर एक म्हातारी नळाखाली कळशी लावून बसली होती. सगळं काळं कुळकुळीत, पाण्याची धार तेवढी पांढरी. खरं सांगते, ती धार मला ऐकू आली! मघाशी फळीवरच्या ज्या काळ्या तुकड्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं, त्यातून ही म्हातारी निघाली होती. मी तहान विसरले. "अजून एक काढा की," म्हणाले. त्याने काढली. तीच म्हातारी, तोच नळ, आणि मला पुन्हा तितकाच आनंद! साडेतीनची आमच्या आष्ट्याची गाडी चुकली, साडेचारचीही चुकली. रात्री घरी सांगून टाकलं की सांगलीत टायपिंगचा क्लास लावलाय, दर रविवारी असतो. एवढं मोठं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि इतक्या आनंदात तर नाहीच नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

त्या माणसाला आम्ही अण्णा म्हणायचो. सर म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते स्वतःला मोतद्दार म्हणवून घ्यायचे. मोतद्दार म्हणजे घोड्याला खरारा करणारा, दाणापाणी बघणारा नोकर. ती इमारत संस्थानी काळातली पागा होती. घोडे गेले, संस्थान गेलं, मग काही वर्षं तिथे कुणाची तरी पोती पडून होती, आणि शेवटी नुसती कबुतरं उरली. "वापरा, पण पाडू नका," एवढ्या बोलीवर मालकांनी ती अण्णांच्या ताब्यात दिली. साताऱ्याच्या एका छापखान्यात जन्म घालवलेला हा माणूस मुलीकडे राहायला म्हणून सांगलीत आला होता आणि आठ दिवसांत कंटाळला होता. त्याने कबुतरं हाकलली, घोड्यांच्या एकेका ठाणात एकेक टेबल टाकलं आणि गावात सांगत सुटला की ज्याला चित्र कोरून छापायचंय त्याने यावं. शिकलेला असो, नसो. शाई आहे, कागद आहे, चरक सगळ्यांचा आहे.

येणाऱ्याला घोड्याचं नाव मिळतं, हे मात्र ते आधी सांगत नसत. प्रत्येक ठाणावर जुनी लाकडी पाटी होती. त्यावर रंगवलेलं नाव अण्णांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून पुन्हा उजळ केलं होतं: बिजली, मोती, पंचकल्याणी. जे ठाण मिळेल ते आपलं नाव. बँकेतले एक जाडजूड कॅशियर पंचकल्याणी होते. एक सेवानिवृत्त हेडमास्तर यायचे. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने तीन पिढ्या चळचळा कापल्या, त्यांच्या वाट्याला छबिली आली होती. "छबिली, शाई पातळ झाली तुमची," असं अण्णा पागेच्या या टोकावरून ओरडायचे आणि हेडमास्तर "होय होय" म्हणत शाई घोटायला लागायचे. पहिल्या रविवारी मला खिडकीजवळचं ठाण दिलं तेव्हा अण्णा पाटीकडे बघून म्हणाले, "मैना. चांगली हुती घोडी. चावायची तेवढी." घोडी त्यांनी कधी पाहिली असणं शक्य नव्हतं. पण त्या दिवसापासून मी मैना झाले, आणि आष्ट्यातलं माझं नाव पागेच्या उंबऱ्यापाशी चपलांबरोबर राहायला लागलं.

पागेत बसायला काही नव्हतं. खुर्ची नाही, स्टूल नाही, पाट नाही. "घोडं बसलं म्हंजे समजायचं, आजारी हाय," हे अण्णांचं ठरलेलं उत्तर. एकदा कॅशियरसाहेबांनी घरून घडीची खुर्ची आणली. अण्णांनी त्यांच्याकडे काळजीने बघितलं, कपाळाला हात लावला आणि डॉक्टरला बोलवायला निघाले. खरंच निघाले, चपला घालून! खुर्ची परत गेली.

तो चरक म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. बंद पडलेल्या रसवंतीतून त्यांनी तो उचलला होता. चित्र छापायचं यंत्र म्हणजे तरी काय, दोन रूळ आणि त्यातून दाबून जाणारी फळी. मग त्याच्यासाठी लांबून यंत्र कशाला आणायचं, असा त्यांचा सवाल. लेथवाल्याकडून रुळांच्या खाचा घासून ते गुळगुळीत करून घेतले. फळी पागेच्याच मोडक्या दाराची. कागदावर सारखा दाब पडावा म्हणून वर नमदा, तोही तिथेच माळ्यावर सापडलेला, कुठल्यातरी घोड्याच्या खोगिराखालचा. घुंगरं मात्र त्यांनी काढली नाहीत. लेथवाल्याने विचारलं, यांचं काय करायचं? अण्णा म्हणाले, "मूल जन्माला आलं की रडतंय का न्हाई? मग चित्र का मुकं जन्मावं?" परिणामी दर थोड्या वेळाने कुणीतरी दारात येऊन रस मागायचं. अण्णा कुणावर वैतागले नाहीत. "रस न्हाई. पर थांबा जरा, काय निघतंय ते बघून जा." निम्मी पागा अशीच भरली होती, रस मागायला आलेल्यांनी. हेडमास्तरसुद्धा.

आम्ही जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमच्या तुकड्यावर कोरायचो. कोरण्या छत्रीच्या काड्यांच्या. मोडकी छत्री दिसली की अण्णांचे डोळे लकाकायचे. काडीचा पन्हळीसारखा भाग तोडून, धार लावून, मुठीत बसवला की झाली कोरणी. माझी पहिली कोरणी माझ्याच छत्रीची होती. घरी सांगितलं, बसमध्ये विसरली.

आता आरशाचं सांगायला हवं. ठशावर जे उजवीकडे, ते कागदावर डावीकडे उमटतं, हे छापणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं आणि तरीही रोज नव्याने चुकतं. म्हणून चरकाशेजारी खिळ्याला न्हाव्याकडचा एक आरसा टांगलेला होता, आणि कोरलेला ठसा आरशात बघितल्याशिवाय अण्णा त्याला शाई लावू देत नसत. या आरशामागे पाचगणीचं प्रकरण होतं. साताऱ्याच्या छापखान्यात असताना त्यांनी पाहुण्यांसाठी पाचगणीचा एक नकाशा छापला. नावं सगळी सुलटी, रस्ते सगळे उलटे. एक अख्खा उन्हाळा लोक दरी बघायला म्हणून निघायचे आणि एका शेतकऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात जाऊन उभे राहायचे. तो बिचारा सुरुवातीला हाकलायचा, मग चहा विकायला लागला, मग स्ट्रॉबेरी. पुढच्या वर्षी छापखान्याने नकाशा दुरुस्त केला, तर हा शेतकरी तावातावाने साताऱ्याला आला. "आवं, माझी गिऱ्हाईकं कुठं पाठवलीसा?" म्हणून अण्णांशी भांडला. ही गोष्ट अण्णा स्वतःच सांगायचे आणि सांगताना स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे. पण आरसा तेव्हापासूनचा.

आणि पागेचा नियम एकच होता: पहिली प्रत ज्याचं चित्र त्याला. ती त्याच्या हातात पोचली की मगच दुसरी काढायची. तोवर ठसा दाण्याच्या जुन्या पेटीत, कुलपात. नळावरची म्हातारी पलीकडच्याच गल्लीतली होती. तिची प्रत मी यायच्या आदल्या दिवशी पोचली होती, म्हणून मला दोनदोन बघायला मिळाल्या. कॅशियरसाहेबांनी शेजाऱ्याची म्हैस कोरली. आम्हाला वाटलं, म्हशीला काही नियम लागू नसावा. अण्णांनी त्यांना प्रत घेऊन गोठ्यात पाठवलं, वर खात्री करायला हेडमास्तरांना पाठवलं. म्हशीने कागद हुंगला आणि खाल्ला. हेडमास्तरांनी परत येऊन तसं गंभीरपणे सांगितलं. "पसंत पडली," अण्णा म्हणाले आणि पेटीचं कुलूप काढलं.

मी पोट धरधरून हसले होते तेव्हा. तोच नियम आपल्यावर शेकणार आहे हे ध्यानात आलं नव्हतं.

मी माझ्या वडिलांना कोरलं. आबांना. आमच्या घरात भिंतीवर त्यांचा एकच फोटो होता, फौजेतला: वर्दी, ताठ मान, छातीवर मेडलांची ओळ. तो चेहरा मला पाठ होता, आणि खऱ्या आबांकडे इतका वेळ टक लावून बघायची कुणाची छाती होती? वीस वर्षं ते फौजेच्या खच्चर कंपनीत होते, डोंगरावरच्या ठाण्यांना खेचरांवरून पीठ, रॉकेल, दारूगोळा पोचवायच्या कामावर. हवालदार होऊन घरी आले आणि उसाला लागले. बोलणं कमी. खोटं त्यांना सहन व्हायचं नाही. माझा चुलतभाऊ एकदा खोटं सांगून जत्रेला गेला, तर आबा त्याच्याशी दीड वर्ष बोलले नाहीत, आणि राहायला दोघे एकाच घरात. माझं टायपिंग त्यांना कळलं असतं तर माझी रविवारची गाडी बंद झाली असती, कदाचित रोजचीही. आणि पागा बंद म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कल्पनेतही सोसत नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस मी रविवारची वाट बघत काढायची.

तीन महिन्यांचे रविवार गेले त्या ठशावर. मिशीचा एकेक केस, मेडलांच्या पट्ट्या, डोळ्यांखालची सावली. ज्या दिवशी छापायचं त्या दिवशी सगळे आपापली ठाणं सोडून चरकाभोवती जमले. मी चाक ओढलं. घुंगरं अशी वाजली की रस्त्यावरचे दोघेजण आत आले. नमदा उचलला, कागद सोलला, आणि आबा! ओले, काळे, चकचकीत आबा माझ्याकडे बघत होते. मी ओरडलेच. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी टाचा जुळवून चित्राला सॅल्यूट ठोकला. मग त्यांनी प्रत वाळवली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि ठसा पेटीत ठेवून कुलूप लावलं.

"पहिली पोचू दे, मैना."

ती घरी माझ्या ट्रंकेच्या तळाशी पोचली. तीन रविवार अण्णा विचारायचे, "पोचली?" मी नकाराची मान हलवायची. "मग नुसती हुबी ऱ्हा." आणि मी आपल्या ठाणात नुसती उभी राहायची. चरक दुसऱ्यांसाठी वाजायचा. तिसऱ्या रविवारी मला रडू फुटलं आणि मी टायपिंगचं सगळं सांगून टाकलं.

अण्णांना खोट्याचं काही वाटलं नाही. "त्ये मला सांगू नगंस. मी अख्खी पाचगणी उलटी केलीया. पर तोंड त्येंचं हाय का न्हाई? त्येंचं तोंड त्येंनाच दाखवायचं न्हाई आनि आपण दुनियेला दाखवायचं, ही चोरी झाली, पोरी." 'पोरी' म्हणाले, मैना नाही. तेच जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी मी प्रत आबांपुढे ठेवली. ते नुकतेच मळ्यातून आले होते. त्यांनी हात पुसले, कागद उजेडाकडे धरला. चेहरा बघितला, मिशी बघितली आणि मग छातीवर नजर खिळली ती हललीच नाही.

"कुनी छापलं ह्ये?"

"मीच, आबा."

"उद्या तुझा टायपिंगचा मास्तर दाखव मला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही सांगलीला निघालो. आबांनी ठेवणीतला कोट घातला होता, मांडीवर चित्राची गुंडाळी. सांगलीच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा समोर बघतच म्हणाले, "टायपिंगची शाई फितीला असती. नखात न्हाई."

"कवापास्नं म्हाईत हाय, आबा?"

"दिवाळीपास्नं. कवा सांगत्यास बघत हुतो."

आता पागा संपली, हे मी धरूनच चालले.

पागेच्या दारात आबा थबकले. आत आले ते चरकाकडे गेलेच नाहीत. ठाणांच्या ओळीतून सावकाश चालत गेले, भिंतीतली लोखंडी कडी हलवून बघितली, वाकून फरशीचा उतार बघितला. "पागा चांगली हाय," स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पानी थांबत न्हाई."

"या हवालदारसाहेब," अण्णा पुढे आले.

"तुमी मला वळखलं?"

"तीन म्हैने तुमचंच तोंड बघतोय की."

आबांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला. "ह्यात माझी मेडलं उजवीकडं लावलीसा."

अण्णांना कळेना. मग एकदम कळलं. त्यांनी खिळ्यावरचा आरसा काढला, चित्रासमोर धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. आरशात मेडलं डाव्या छातीवर होती, फोटोत होती तशी. फोटो बघून मी जसंच्या तसं कोरलं होतं, आणि कागदावर ते उलटलं होतं. आबांचा चेहरा उमटल्याच्या आनंदात आरशात बघायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि अण्णांच्याही नाही.

"पोरीची चूक न्हाई," ते म्हणाले. "माझी हाय. अक्षरं न्हाईत म्हनून मी बेफिकीर ऱ्हायलो. तोंडाला कसलं आलंय उजवं-डावं, म्हटलं."

"उजवीकडं मेडलं कोन लावतं, म्हाईत हाय?"

"न्हाई, साहेब."

"मेलेल्याच्या घरचं मानूस. त्येची मेडलं, त्येच्या आठवनीला. आपली आपन डावीकडं लावायची, मेलेल्याची उजवीकडं."

अण्णांनी पेटी उघडली, माझा ठसा बाहेर काढला आणि रुंद कोरणी घेतली. "आत्ता मोडून टाकतो. मैना नवं कोरंल. आरशात बघून." कोरणीचं टोक ठशाला टेकलं. माझे तीन महिने!

आबांनी ठशावर तळहात ठेवला. "थांबा."

मग उभ्या उभ्याच ते बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कंपनीत एक जतचा हुता. धनगराचा. निम्मं कानडी, निम्मं मराठी. आमी एका ताटात जेवायचो. एका सकाळी म्होरल्या खच्चराचा दोर धरायची माझी पाळी हुती. मला ताप हुता. तो म्हनला, झोप गड्या, मी जातो. म्होरं वाट तुटली. खच्चर गेलं, त्येच्यासंगं तो बी गेला." आबांचा तळहात ठशावरच होता. "त्येची बायकू जतला हाय. मी कवा गेलो न्हाई. काय तोंड दाखवायचं? काल ह्ये चित्र बघितलं आनि वाटलं, पोरीनं चुकून बरूबर केलं."

बाहेर रस्त्यावरची रहदारी चालू होती. कॅशियरसाहेब बँकेत जाता जाता कधी डोकावले आणि कधी हातातली शाईची बाटली खाली ठेवून उभे राहिले, कळलं नाही.

अण्णांनी कोरणी कानावर ठेवली, पेन्सिलीच्या जागी. ठसा पुन्हा पेटीत गेला, कुलूप लागलं. मग त्यांनी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं, जसं माझ्यासाठी गुंडाळलं होतं तसंच, आणि आबांच्या हातात दिलं.

"म्हंजे पयली प्रत चुकीच्या घरी गेली, हवालदारसाहेब. जतला गाडी कितीला हाय?"

आबांनी असं काही बघितलं त्यांच्याकडे की मी डोळे मिटून घेतले. फौजेतल्या हवालदाराला असं कुणी सांगत नाही. उघडले तेव्हा गुंडाळी आबांच्या काखेत होती.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुंडाळी आमच्या घरी कपाटावर पडून होती आणि आबा येता-जाता तिच्याकडे बघत होते. तीन आठवडे मीही ट्रंकेकडे तशीच बघत होते. अण्णांचा नियम माझ्यावरून उठून आबांच्या मानगुटीवर बसला होता, आणि तो आबांनी पाळला नाही तर माझाही ठसा पेटीतून सुटणार नव्हता. शुक्रवारी पहाटे उठले तर कपाटावर गुंडाळी नव्हती, खुंटीवर कोट नव्हता. शनिवारी रात्री आबा आले, जेवले नाहीत, झोपले.

रविवारी ते माझ्या आधी तयार होऊन एसटीच्या थांब्यावर उभे होते.

पागेत अण्णांनी मला विचारलं नाही. सरळ त्यांना विचारलं. "पोचली?"

"पोचली."

"काय म्हनल्या?"

आबांनी कोट काढून मैनेच्या ठाणातल्या कडीला अडकवला. "लय वेळ बघत बसली. म्हनली, आमच्यात उजवीकडं लावायला कोन न्हवतं. तुमी लावलं, लय चांगलं केलं." मग कडीवरचा कोट नीट करत, "जेवून जा म्हनली. भाकरी वाढली." आणि माझे आबा, कुणाच्या मयतीलाही ज्यांचे डोळे ओले झालेले मी बघितले नव्हते, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. मी शाई घोटायला घेतली.

अण्णांनी कुलूप काढलं. ठसा आरशात बघितला, सवयीने, आणि मान डोलावून फळीवर ठेवला.

ती दुसरी प्रत आज माझ्या भिंतीवर आहे. फौजेतलं कुणी घरी आलं की हमखास चूक दाखवतं. मी चहा टाकते आणि सांगायला बसते, आणि सांगता सांगता आबांपेक्षा अण्णाच जास्त येतात. अण्णांचा मात्र एकही ठसा माझ्याकडे नाही. त्यांनी स्वतःला कुणाला कोरू दिलं नाही. "माझी पयली प्रत मलाच घ्यावी लागंल," म्हणायचे, "आनि मी काय ती पोचू देनार न्हाई."

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. मी शाई लावली, कागद ठेवला, नमदा अंथरला आणि चाकाला हात घातला. तर आबा पुढे आले.

"सर बाजूला. आज माझी पाळी."

त्यांनी बाह्या वर सारल्या आणि चाक असं ओढलं की तो चरक त्याच्या उसाच्या दिवसांतसुद्धा तसा वाजला नसेल! सगळी पागा घुमली. हेडमास्तर, कॅशियर, सगळे धावत आले. फळी पुढे सरकायला लागली, आणि दारात सायकल टेकवून एक घामेजलेला माणूस डोकावला. "दोन रस द्या हो, एक बिनबर्फाचा."

अण्णांनी तोंड उघडलं, पण आबाच आधी बोलले.

"रस न्हाई," चाक न सोडता ते म्हणाले. "पर थांबा जरा. काय निघतंय ते बघून जा."

तो थांबला. सगळेच थांबायचे.